एकतिसाव्या भागातली लाथ

अराफुने तोकिए या बाईने पंचवीस वर्षांत आमच्या मंडळात एकदाही चहा केला नव्हता. ही तक्रार नाही, कौतुक आहे. आमच्याकडे चहा करणं ही शिक्षा असते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला आम्ही कागारी या टीव्हीवरच्या वीराच्या मंडळाची तीसेक माणसं नगरपालिकेच्या सभागृहातल्या वरच्या खोलीत जमतो, आणि बोलण्याच्या भरात ज्याच्या तोंडून 'पोशाख', 'नट' असला शब्द निसटेल त्याने गुपचूप उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा. कारण मंडळाचा पहिला नियम असा: आत कोणी नाही. कागारी म्हणजे कागारी. त्या रुपेरी कवचाच्या आत घामाने निथळणारा कोणी माणूस नाही, कवच रबराचं नाही, आणि पडद्यावर जे दिसतं त्याचा खुलासा गोष्टीतच शोधायचा. शूटिंगच्या भानगडी मध्ये आणायच्या नाहीत.

साठीला आलेली माणसं लहान मुलांच्या मालिकेवर भांडतात म्हणून कोणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. तुम्ही बेसबॉलवर भांडता, आम्ही कागारीवर भांडतो. मी एकाच वर्षात अकरा वेळा चहा केलाय. माझी जीभ माझ्या ताब्यात नाही. तोकिए-सानची होती. आणि मुळात हा नियम आणलाच त्यांनी. पहिल्या सभेत उभ्या राहिल्या, नियम सांगितला, खाली बसल्या. कारण दिलं नाही. मुलांचं स्वप्न मोडू नये म्हणून असेल, असं आम्ही आपलं धरून चाललो.

स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कपडे धुण्याचं दुकान आहे, माझ्या छपाईच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. ठेंगणी बाई, वाफेने कोपरापर्यंत लाल झालेले हात, आणि डाग बघून माणूस ओळखण्याची सवय. एकदा बँकेतले एक साहेब शर्ट घेऊन आले, म्हणाले, जेवताना सोया सॉस सांडला. तोकिए-साननी शर्ट उजेडात धरला. "सांडलेला डाग मांडीवर पडतो. हा खांद्यावरून खाली आलाय. वाटी कोणीतरी फेकून मारली आहे. डाग मी काढते, तुम्ही घरी जाऊन माफी मागा." साहेब परत कधी आले नाहीत. बायको मात्र येते, अजूनही.

नवरा लवकर गेला. मुलगा शुन्पेई तेव्हा चार वर्षांचा. दुकान आणि पोरगा, दोन्ही या बाईने एकटीने ओढलं. रविवारी सकाळी आठ ते साडेआठ दुकानाचं दार बंद असायचं, गिऱ्हाईक आलं तर ताटकळायचं. आत मायलेक टीव्हीसमोर बसलेले असायचे.

मालिका अठ्ठ्याण्णव साली लागली. मारामारीचे सगळे प्रसंग आमच्या चिचिबू गावाच्या मागच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत घेतले जायचे, त्यामुळे आमच्या गावाला तो आपलाच पोरगा वाटायचा. एकतिसावा भाग येईपर्यंत सगळं छान चाललं होतं. त्या भागात दोरोगामा नावाचा चिखलातला राक्षस हरतो. हरतो म्हणजे शस्त्र फेकून देतो, गुडघ्यावर बसतो आणि हात जोडतो. चार सेकंद हात जोडून बसलेला दिसतो, मी मोजलीत. आणि कागारी धावत येतो, उडी घेतो आणि त्याच्या छातीत ती प्रसिद्ध लाथ घालतो. स्फोट. गाणं. समाप्त.

सोमवारी गावातल्या शाळेत पोरं रडत होती. माझ्या दुकानात आलेल्या एका पोरीने कागारीचं चित्र असलेली वही परत केली, म्हणाली, साधी द्या. मोठी माणसंही गप्प गप्प होती. हात जोडलेल्याला मारायचं? कागारीने?

आणि त्याच आठवड्यात तोकिए-सान एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. हाताने लिहिलेला, एकच पान. "शंभर प्रती काढा." वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ती लाथ कागारीने मारली नाही.

पुरावा एकच, पण बिनतोड. राक्षसासमोर उभ्या असलेल्या कागारीचा चेहरा जवळून दिसतो तेव्हा त्याच्या गळ्यातला मफलर गडद लाल आहे. लाथ मारताना लांबून दिसतो तेव्हा मफलर नारिंगी आहे. मग लाथ मारणारा वेगळा. शत्रूने कागारीच्या सावलीतून दुसरा कागारी बनवला आणि त्याच्या हातून हे कृत्य करवून घेतलं. लोकांनी टेप लावून पाहिलं. खरंच नारिंगी! गावाने असा सुस्कारा सोडला की काय सांगू. वही परत करणारी पोरगी पुन्हा येऊन कागारीची वही घेऊन गेली.

तिथून आमचं मंडळ सुरू झालं. दोन कागारींचा सिद्धांत गावाबाहेर गेला, ओसाकापर्यंत गेला, पुढे इंटरनेटवर गेला. त्याच्या समर्थनाचा चाळीस पानी लेख मी लिहिला. एकोणतिसाव्या भागातला आरसा, तेहतिसाव्या भागातली पायऱ्यांवरची सावली, सगळं मी हुडकून काढलं. सिद्धांत त्यांचा, पण त्याला हाडंमांस माझं, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. मला वाटायचं, विनय.

बाकी सगळ्यावर आम्ही कडाकडा भांडलो. कागारीने बहिणीला सोडून गाव वाचवलं ते बरोबर का? आईपासून नाव लपवतो ते खोटं बोलणं होतं का? त्यावरून दोघांनी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला होता. पण एकतिसाव्या भागातल्या लाथेवर पंचवीस वर्षांत एकदाही चर्चा झाली नाही. जे त्याने केलंच नाही त्यावर काय चर्चा करायची?

गेल्या वर्षी ऑक्टोबरात टोकियोच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. मालिकेच्या पंचविशीचा ग्रंथ निघणार होता, आणि त्यात आमचा सिद्धांत अख्खा छापायचा होता, तोकिए-सानच्या नावाने. आमचे अध्यक्ष इसोदा-सान हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी ते पत्र सभेत तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा उभं राहून. फक्त संमतीपत्रावर लेखिकेची सही हवी होती. दोन आठवडे झाले, सही येईना. इसोदा-साननी मला पिटाळलं.

मी गेलो तेव्हा त्या कोटाच्या कॉलरला इस्त्री करत होत्या.

"तोकिए-सान, एवढीशी सही. पेन पण मीच आणलंय."

"करणार नाही."

"का हो? फोटो हवाय का लेखाबरोबर? सांगतो त्यांना."

"कुवाबारा-सान, ते खोटं आहे म्हणून करणार नाही."

मला वाटलं, वय झालं बाईचं. मी तेहतिसाव्या भागातल्या सावलीचा विषय काढला. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"तो नारिंगी मफलर मी धुतलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे धुतलाय, या हातांनी. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात शूटिंगवाल्यांच्या कपडेपटातली एक मुलगी आली होती धावत. मफलर खाणीतल्या चिखलात पडला होता. म्हणाली, उद्या सकाळी हवा, दुसरा जवळ नाही. मी घाई केली. पाणी कढत घेतलं. रंग उतरला. वीस वर्षांची कामाची सवय आणि लाल लोकर कढत पाण्यात घातली, बघा! ती बिचारी म्हणाली, लांबून घेऊ, कळणार नाही. तो घालून त्यांनी ती लाथ घेतली. चेहरा मागाहून टोकियोत घेतला असणार, नव्या मफलरवर."

मी खुर्चीवर बसलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? की यांनी 'कपडेपट' म्हटलं, आता यांना चहा करावा लागणार.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"भाग लागला, तो उडाला, आणि माझा मफलर दिसला. शरमेने मेले मी. आणि शेजारी पोरगं हुंदके देतंय. 'आई, त्याने हात जोडले होते ना? कागारीने का मारलं?' सात वर्षांचं पोर, कुवाबारा-सान. बाप गेला तेव्हाही इतकं रडलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, नीट बघ, मफलर वेगळा आहे. तो कागारी नव्हताच. त्याने डोळे पुसले. झालं. त्याला पटलं म्हणून तुम्हाला सगळ्यांना पटवलं. मग कोणी शूटिंगची चौकशी करू नये म्हणून नियम आणला."

"मग आत्ताच का? पंचवीस वर्षं गप्प बसलात, अजून थोडं बसा! पुस्तक येऊ द्या."

त्यांनी कोट हँगरला लावला. बटणं लावली, एकेक, वरपासून खालपर्यंत.

शुन्पेई आता बत्तीस वर्षांचा. शेजारच्या गावात म्हाताऱ्यांच्या सांभाळगृहात काम करतो. मऊ पोरगा आहे, मी त्याला लहानपणापासून बघतोय. ऑगस्टमध्ये त्याने एका आजोबांना आंघोळीला नेलं, बाकावर बसवलं आणि फोनवर निरोप आला म्हणून बाहेर गेला. चार मिनिटं. आजोबा घसरले, खुब्याचं हाड मोडलं. व्यवस्थापकांनी कागदावर लिहिलं की बाकावर बसवत असताना आजोबा स्वतःच झटका देऊन उठले. शुन्पेईने खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला. सगळे त्याची समजूत घालत होते, तू दमलेला होतास, ओव्हरटाइम होता, एरवी तू असा नाहीस.

"परवा रात्रीच्या जेवणाला बसलो होतो," तोकिए-सान म्हणाल्या. "मीही तेच म्हटलं त्याला. तू असा नाहीस रे, तो तू नव्हतास. तर त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि म्हणाला, 'आई, मग कोण होता? नारिंगी मफलरवाला?'"

मी पेनचं टोपण लावून टाकलं.

"तो जाणार आहे त्यांच्या घरी. खरं सांगायला. नोकरी जाईल, जाऊ दे. पण तो तिकडे जात असताना माझं हे पुस्तकात छापून येणार? की चांगल्या माणसाच्या हातून वाईट होतच नाही, झालंच तर तो दुसराच कोणी असतो? पोराला मी हे शिकवलं. आता देशभरच्या पोरांना शिकवू?"

"मालिका आहे हो ती!"

"हो का? मग चाळीस पानं कशाला लिहिलीत?"

मी पेन घेऊन परत आलो. घरी जाईपर्यंत मला राग आला होता, आणि खरं सांगतो, तो सगळा माझ्या चाळीस पानांसाठी होता.

नोव्हेंबरच्या सभेला एकतीस माणसं होती. तोकिए-सान दुकानातल्या एप्रनवरच आल्या होत्या. इसोदा-साननी सुरुवात गोड केली. "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सिद्धांताला..." वगैरे. तोकिए-सान उभ्या राहिल्या.

"तो मफलर पोशाखाचा भाग होता. पोशाख माझ्या दुकानात धुवायला आला होता. मी त्याचा रंग घालवला. त्या पोशाखात एक नट होता आणि त्याने दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून लाथ मारली."

मागे कोणीतरी बोटांवर मोजत होतं.

"मोजू नका," त्या म्हणाल्या. "चहा आज मीच करणार आहे. वर्षभर करीन. पण आधी ऐकून घ्या. दुसरा कागारी नाही. कधीच नव्हता. हात जोडलेल्याला आपल्या कागारीने मारलं."

मग जो गलका झाला! पंचवीस वर्षांचं भांडण त्या एका सकाळी बाहेर पडलं. इसोदा-सान लाल झाले. "बाराव्या भागात त्याने शपथ घेतली आहे, शरण आलेल्याला हात लावणार नाही!"

"घेतली ना? मोडली," तोकिए-सान म्हणाल्या.

"दोरोगामाने धरण फोडून चाळीस माणसं बुडवली होती," एक औषध-दुकानदार म्हणाले. "त्याला काय हार घालायचा होता?"

"चाळीस बुडवली म्हणून पकडा, बांधा, न्या. हात जोडून बसलेल्याच्या छातीत लाथ कशाला?"

"ढोंग करत असेल तर?"

"चार सेकंद होती. विचारायचं. कागारीने विचारलं?"

माझ्या शेजारी रुग्णालयात काम करणाऱ्या एक बाई बसतात, वीस वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला तेव्हाही वाटलं होतं, चुकलंच ते." आणि इकडेतिकडे बघून पुन्हा गप्प झाल्या.

इसोदा-साननी टेबलावर हात आपटला. हा माणूस टपाल फोडतानाही कात्री हळू चालवायचा. "मग तुम्ही पंचवीस वर्षं कोणावर प्रेम केलंत, तोकिए-सान? खुन्यावर? इथे कोणाच्या नावाने जमतो आपण?"

"त्याच्याच नावाने," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, पण थरथरत नव्हता. "माझं त्याच्यावर कालही प्रेम होतं, उद्याही असेल. दर रविवारी आठला टेप लावून बसेन मी. पण तुम्हाला धुतलेला हवाय, इसोदा-सान, आणि धुण्याचं काम मी जन्मभर केलंय. डाग निघत नाही तिथे कापड फाटेपर्यंत घासायचं नसतं. गिऱ्हाइकाला सांगायचं, हा राहील. आवडत असेल तर डागासकट घाला."

मतदान झालं. प्रश्न असा की सिद्धांत पुस्तकात जाऊ द्यायचा का. हात वर करायचे. मी तोकिए-सानकडे बघितलं नाही. माझ्या हाताकडेही बघितलं नाही. तो वर गेला. सव्वीस बाजूने, चार विरुद्ध. त्यांनी स्वतः मत दिलंच नाही.

"छापा," त्या म्हणाल्या. "खाली माझं नाव नको. कुवाबारा-सानचं घाला. हाडंमांस त्यांचंच आहे."

मंडळाच्या यादीतून त्यांनी आपल्या हाताने स्वतःचं नाव खोडलं. पहिल्या क्रमांकाचं नाव होतं ते. मग आत जाऊन एकतीस जणांचा चहा केला, प्रत्येकासमोर नेऊन ठेवला, इसोदा-सानसमोर दोन्ही हातांनी. कडक झाला होता, चांगला होता. सगळ्यांनी निमूटपणे प्यायला. ज्या सिद्धांताच्या लेखिका म्हणून मी पंचवीस वर्षं त्यांचा हेवा केला त्याखाली आता माझं नाव येणार होतं.

खाली आलो तर फाटकाशी शुन्पेई उभा. गडद सूट, हातात गोड पदार्थाचा खोका, कागदात नीट बांधलेला. सभा लांबल्यामुळे त्यांची गाडी चुकली होती, पुढची दीड तासाने. आजोबांच्या घरी साडेअकराची वेळ दिली होती.

तोकिए-सान माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुवाबारा-सान, तुमची मोटार आहे ना इथे?"

नुकताच मी त्यांच्याविरुद्ध हात वर केला होता. दुसरी एखादी बाई असती तर चालत गेली असती. यांनी माझ्याकडे मोटार मागितली.

मी मोटार काढली. शुन्पेई मागे बसून ओठ हलवत होता, काय बोलायचं ते घोकत असावा. ओढ्यालगतचं घर, दारात पर्सिमनची फळं सोलून दोरीवर वाळत घातलेली. तोकिए-सान फाटकाशी थांबल्या, म्हणून मीही थांबलो. शुन्पेई एकटाच दारापर्यंत गेला.

आजोबांच्या लेकीने दार उघडलं. पन्नाशीची, ओले हात पुसत आलेली. शुन्पेईने कमरेत वाकून मान खाली घातली आणि घोकलेलं सगळं विसरला. "कागदावर लिहिलंय ते खोटं आहे," एवढंच म्हणाला. "आजोबा उठले नव्हते. मी त्यांना एकटं सोडून गेलो होतो. फोन बघायला. मी. माझ्यामुळे पडले ते."

ती बाई हात पुसतच राहिली. शुन्पेई वाकलेलाच. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता. ती ओरडेल, असं मला वाटलं. दार आपटेल, असंही वाटलं.

"बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पोरगा बाहेर गेला होता, मी एकटाच होतो म्हणून. आम्ही त्यांना म्हटलं, बाबा, कागदावर वेगळं लिहिलंय. ते पुन्हा सांगायचे. पुन्हा पुन्हा. आम्ही डॉक्टरांना बोलावलं, म्हटलं, यांचं डोकं चालेनासं झालंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीन महिने झाले, ते आता बोलतच नाहीत."

तिने हातातलं फडकं तिथेच टाकलं आणि ती आत पळाली.

मला राहवेना. मी तोकिए-सानच्या कानाशी कुजबुजलो, "दमलेला होता हो पोरगा. खरा शुन्पेई असा नाही, आपल्याला माहीत आहे ना."

त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "तोच होता," त्या म्हणाल्या. "ओरडून सांगू? तोच होता, आणि माझा आहे, आणि आज स्वतःच्या पायांनी आलाय. तुमचा तो दुसरा तुम्ही घरी ठेवा, कुवाबारा-सान."

आत लेक बापाला मोठ्याने काहीतरी सांगत होती, रडत सांगत होती. आणि मग आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, बरेच दिवस न वापरल्यामुळे घोगरा झालेला, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"सांगत होतो ना मी! सांगत होतो की नाही!"